पेटी विभागायची की थवा धरायचा?

थंडी ओसरून जांभळाला कळ्या दिसू लागल्या की सातेरी या पेटीत पाळायच्या मधमाशीच्या पेट्यांत दाटी होते, आणि नव्या मधपाळाचा प्रश्न ठरलेला असतो: वसाहत आपणच विभागावी, की राणीसह घर सोडून निघालेला, फांदीला लोंबलेला माशांचा थवा धरून आणावा?

घरात एकही भरलेली पेटी नसेल तर विचार कसला, थवाच धरा. एक जरी जोमदार पेटी असेल, तर माझं मत विभाजनाला.

थवा फुकट मिळतो, आणि पकडणं दिसतं तितकं अवघडही नाही. पोटभर मध पिऊन निघालेल्या माशा सहसा डंख मारत नाहीत. खाली टोपली धरायची, फांदीला एक हिसका द्यायचा. राणी आत पडली की बाकीच्या मागोमाग उतरतात. पोळं बांधायचा झपाटाही थव्याचाच. घोळ होतो तो पुढे, कारण सातेरीला घर सोडायला निमित्त पुरतं. माझा पहिला थवा मी रिकाम्या पेटीत ओतला, कौतुकाने रोज झाकण उघडून पाहिला, आणि चौथ्या दिवशी आत बोटभर पांढरं मेण तेवढं उरलं होतं. आता अळ्यांची एक फ्रेम आत देतो (स्वतःची नसेल तर शेजारच्या मधपाळाकडून मागून), संध्याकाळी साखरेचा पाक ठेवतो आणि आठवडाभर झाकणाला हात लावत नाही. पिल्लं असली की माशा रमतात.

दारावर राणीजाळी (कामकरी माशा जातील, पण राणी जाणार नाही अशी) लावूनही थवा अडवता येतो, पण पहिल्याच थव्याला. त्यात जुनी, अंडी घालणारी राणी असते. मागून निघणाऱ्या लहान थव्यांत कुमारी राणी असते. तिला कोंडलं तर ती मीलनाला बाहेर पडणार कशी?

आणि लोंबणारा घोस सातेरीचाच आहे ना, हे आधी बघा. आग्याची माशी बरीच मोठी असते, ती पेटीत राहत नाही, आणि चिडली तर पळता भुई थोडी करते.

विभाजनात वेळ आपल्या हातात असते. नरांच्या घरांची टोपणं बघा. सातेरीत त्यांच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. ती दिसू लागली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं (नवी राणी वाढते ती घरं) लोंबली, की समजायचं पेटी थवा सोडायच्या बेतात आहे. जुनी राणी दोन-तीन फ्रेमांसह नव्या पेटीत न्या, राणीघरं जुन्या जागीच ठेवा. फुलांवर गेलेल्या माशा परतून जुन्या जागीच येतात, म्हणून नव्या पेटीत एखाद्या फ्रेमवरच्या माशा जास्तीच्या झटका. राणीघरं एक-दोनच राखा, नाहीतर विभागूनही जुनी पेटी थवे सोडत राहते.

किंमत मोजावी लागते ती मधात. राणीघर बंद झाल्यापासून नवी राणी अंडी घालेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि त्या अंड्यांच्या कामकरी माशा व्हायला आणखी तीन. ऐन बहरात विभागलेल्या पेटीकडून त्या हंगामात फार मध मागू नये. पण चांगल्या मध देणाऱ्या, शांत पेटीची राणीघरं निवडता येतात. थव्यात कोणाचा वंश आला, कोण जाणे.

घाटमाथ्यावर उशिरा केलेलं विभाजन मी टाळतो. जूनच्या पावसाआधी दोन्ही पेट्या भरल्या नाहीत, तर पाक देऊन देऊन हात दुखतात आणि पोळं खाणारा मेणकिडा आत शिरतो तो वेगळाच. यंदा तीनपैकी एकच विभागणार आहे. एक रिकामी पेटी मात्र आतून जुनं मेण चोळून फणसाच्या बेचक्यात बांधली आहे. आला थवा तर आला.