खोक्यावर मिग-२१ एफएल, आत भलतंच: माझे ₹११,१९० असे गेले

अकरा हजार एकशे नव्वद रुपये. तीन वेळा, माझ्याच फोनवरून, माझ्याच हातानं पाठवले. ४ ऑक्टोबरला ₹२,००० 'बुकिंग'चे, ६ तारखेला ₹६,८५० उरलेले आणि १७ तारखेला ₹२,३४० 'कस्टम्स'चे. एवढं वाचून बाकीचं तुम्ही ओळखलंच असेल. तरी लिहितोय, कारण अशा गोष्टीत नवखेच फसतात असं मीही समजत होतो. अठ्ठावीस वर्षं मी विमानांची किट्स, म्हणजे सुटे भाग जोडून करायची प्लॅस्टिकची मॉडेल्स, बांधतोय. शंभरच्या वर झाली असतील. मला मोल्ड, म्हणजे भागांचा साचा, कळतो, डिकल, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायचं चिन्ह, कळतं, कुठलं किट कुणाच्या जुन्या साच्यातून आलंय हे मी इतरांना सांगत असतो. आणि मी एका चित्रावर भाळून पैसे घालवले. हे सांगताना लाज वाटते. घरात अजून सगळा आकडा सांगितलेला नाही.

पण निमित्त काय होतं तेही ऐका. आमचे अण्णा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते, एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर. मिगचं इंजिन कोरापूटला व्हायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमान उभं राहायचं ते आमच्या नाशिकला. आधी एफएल, मग एम, मग बिस, सगळ्या मिग-२१ च्याच आवृत्त्या. अण्णांची उमेदीची वर्षं एफएलवर गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली, तेव्हा टीव्हीपुढे अण्णा पूर्ण वेळ उभे होते. ८१ वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पण बसले नाहीत. ९ नोव्हेंबरला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी ठरवलं, समारंभात त्यांच्या हातात एफएलचं खोकं द्यायचं आणि मग दोघांनी मिळून ते बांधायचं. एमएफ किंवा बिसचं किट शोधलं की सापडतं, एफएल आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसत नाही. म्हणून मी शोधत सुटलो. त्या आठवड्यात मिगचं नाव ज्याच्यात्याच्या तोंडी होतं, आणि अशा वेळी हे लोक टपूनच बसलेले असतात.

जाहिरात ३ ऑक्टोबरला रात्री दिसली. '१/४८, मिग-२१ एफएल, भारतीय वायुसेना, उत्पादन बंद, शेवटचे दोन नग.' १/४८ म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढं. आणि खोक्यावरचं ते चित्र! खाली नदीची वळणं, मागे धुराचा लोट, विमान डाव्या अंगावर कललेलं, पोटाखाली तोफेचा पॉड, म्हणजे बाहेरून लावायची तोफेची पेटी. हा पॉड महत्त्वाचा. एफएलला अंगची तोफ नव्हती, आपण तिला पोटाखाली पॉड लावला. नाकावरची, वेग मोजायची पिटो नळी वरच्या बाजूला, जिथे असायला हवी तिथेच. चित्र काढणाऱ्यानं विमान जाणून काढलं होतं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग तुटून पडले, तो प्रसंग असावा. मी मनाशी म्हटलं, ज्यांनी चित्रात एवढं अचूक दाखवलंय त्यांचं किटही तसंच असणार. चूक इथेच झाली.

चित्र काढणारा वेगळा असतो आणि साचा करणारा वेगळा, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण आधी चित्रच विकत घेतो. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीची सुरुवातीची किट्स प्लॅस्टिकच्या पिशवीत यायची, वर फक्त छापील कागदाची पट्टी. पुढे खोकी आली. १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं रॉय क्रॉस यांनी एअरफिक्ससाठी जी चित्रं काढली, ती पाहून पोरं दुकानात खिळून राहायची. मी अकरा वर्षांचा असताना मामांनी मुंबईहून स्पिटफायर आणलं होतं. त्या किटचं काय झालं आठवत नाही, पण खोक्याचं झाकण मी दहावीपर्यंत कपाटाला आतून चिकटवून ठेवलं होतं. जपानच्या हासेगावा कंपनीच्या खोक्यांवरची शिगेओ कोइके यांची आभाळं पाहून आजही किट घरी आहे हे विसरून दुसरं घ्यावंसं वाटतं. चित्रात इंजिन धडधडत असतं, आणि आत असतात सुटे भाग लागलेल्या राखाडी प्लॅस्टिकच्या दोन चौकटी. मधला खड्डा आपण मनानं भरून काढतो. अमेरिकेत मोनोग्राम कंपनीनं मध्यंतरी बांधलेल्या मॉडेलचेच फोटो खोक्यावर छापले. ते जास्त खरं होतं, पण काळजाला भिडतं ते चित्रच.

त्यात या धंद्यात एकाचा साचा दुसऱ्याच्या खोक्यात जाणं ही राजरोस रीत आहे. इंग्लंडची फ्रॉग कंपनी बुडाल्यावर तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि नोव्हो नावानं विकले गेले. मॅचबॉक्सचे रेव्हेलकडे आले. टामियाच्या १/७२ च्या काही खोक्यांत इटालेरीचं प्लॅस्टिक असतं. यात फसवणूक नाही, कारण कंपन्या ते लपवत नाहीत. एअरफिक्स जुने साचे 'व्हिंटेज क्लासिक्स' म्हणून वेगळे विकते, म्हणजे घेणाऱ्याला कळतं की हे जुनं आहे. पण या रितीमुळेच 'अमुकचं रीबॉक्स आहे', म्हणजे दुसऱ्याचं किट नव्या खोक्यात, असं कुणी म्हटलं की आपल्याला शंका येत नाही. जाहिरातीतल्या त्या विक्रेत्यानं मला हेच सांगितलं, तेही शुद्ध मराठीत, 'दादा, दादा' करत. पूर्व युरोपातल्या एका छोट्या कंपनीचं मर्यादित रीबॉक्स म्हणे. कंपनीचं नाव मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तरात त्यानं ते चित्रच पुन्हा पाठवलं. कंपनीचं नाव नसेल तर पुढे बोलूच नका. असेल तर स्केलमेट्स या किट्सच्या संकेतस्थळावर जाऊन साचा कुठल्या सालचा ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मी दर वेळी बघतो. या वेळीच बघितलं नाही.

आता तो क्षण सांगतो, जो आठवून मी अजून रात्री उठून बसतो. ६ तारखेला पैसे पाठवण्याआधी मी लिहिलं होतं, "खोक्याच्या बाजूचा फोटो पाठवा." बाजूवरच सगळं असतं: कंपनी, देश, साल, स्केल, पुष्कळदा रंगांचे क्रमांक. उत्तर आलं, "दादा, सीलपॅक आहे. उघडलं तर कलेक्टर व्हॅल्यू जाईल." आणि मी लिहिलं, "बरोबर आहे, राहू द्या."

राहू द्या! सीलचं प्लॅस्टिक पारदर्शक असतं. बाजू दाखवायला ते फाडावं लागत नाही, खोकं नुसतं आडवं धरावं लागतं. शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण डोळ्यांपुढे अण्णांचा चेहरा होता आणि 'शेवटचे दोन नग' हे शब्द होते. वर त्यानं 'आधी उघडलेल्या नगाचा' म्हणून स्प्रूचा, म्हणजे भागांच्या चौकटीचा, एक फोटो पाठवला. अंधूक, पण नाकाचा भाग दिसत होता, आणि नळीची खाच नाकाच्या खाली होती. मी ती पाहिली. फोटो मोठा करून पाहिली. सावली असेल म्हणालो आणि ₹६,८५० पाठवले. फोटो आणि चित्र यांत फरक दिसला की फोटोवर विश्वास ठेवायचा, हे दुसऱ्या कुणाला मी ओरडून सांगितलं असतं.

कस्टम्सचं तर विचारूच नका. वस्तू त्याच्याकडे कपाटात होती ना? मग कस्टम्स कसलं? पण तेव्हा वसुबारस होती, घरात फराळाची गडबड, ऑफिसात बोनसची, आणि माझे ₹८,८५० अडकलेले. 'नग बदलून नवीन मागवलाय, पार्सल मुंबईत अडकलंय' असं सांगून त्यानं एक पावती पाठवली. अडकलेले पैसे सुटावेत म्हणून माणूस आणखी पैसे देतो. मीही दिले. कस्टम्सची ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

२९ ऑक्टोबरला खोकं आलं. मोठं होतं, छान दिसत होतं. हातात घेतल्यावर जाणवलं की चित्र खोक्यावर छापलेलं नाही, चिकटवलेलं आहे. एका कोपऱ्यात कागद सुटला होता. त्याखाली साधा तपकिरी पुठ्ठा. बाजू कोऱ्या. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यांच्यामध्ये दोन छोट्या चौकटी, कडांना फ्लॅशचे, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेल्या जादा प्लॅस्टिकचे, पापुद्रे, पॅनेलच्या रेषा खोल असायच्या तिथे उठलेल्या. डिकल म्हणून साध्या स्टिकर कागदावर छापलेले तिरंगी गोल. ते पाण्यात सोडले तर लगदाच होईल. मी पट्टी आणली. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये पंधरा सेंटिमीटरला थोडं कमी. पट्टीवर भरलं दहा. म्हणजे १/७२. मोठ्या खोक्यात लहान विमान, आणि स्वतःचं सूचनापत्रकही नाही.

मी ते लपवणार होतो, पण अण्णा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी नाकाचा तुकडा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठा नाकाच्या खालून फिरवला. "ही आपली नाही रे," म्हणाले. "नळी खाली आहे. तोंड पण बारीक. ही पहिली, रशियातून तयार आलेली. आपण केल्या त्यांची नळी वर." पाच सेकंद लागले. हात थरथरतात, पण अंगठ्याला आठवत होतं. मग झाकण हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चित्र मात्र खरंय." मला तिथे उभं राहवेना.

१९६३ मध्ये वायुसेनेत आलेली पहिली मोजकी मिग-२१ एफ-१३ जातीची होती. माझ्या खोक्यात तीच होती. कुठल्या तरी जुन्या, झिजलेल्या साच्यातली. हा तपशील इथे लिहितोय, कारण पुढे पोलीस ठाण्यात याच तपशिलावरून माझी बोळवण झाली.

३० तारखेला सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला, बस. खात्यात पैसे उरलेले नाहीत असं कळलं. पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे गोठवता येण्याची आशा असते, म्हणून शंका आली की त्याच क्षणी करा. खोकं येण्याची वाट पाहू नका. मी वाट पाहिली.

मग पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "काय मागवलं होतं?" विमानाचं किट म्हणालो. "खेळणं?" शेजारचे दोघं हसले. "खोकं मिळालं ना?" मिळालं. "त्यात विमान आहे ना?" आहे, पण ते नाही. "मिग-२१ मागवलं, मिग-२१ आलं. मग फसवणूक कुठे?" मी नळी दाखवली, पट्टी दाखवली, जाहिरातीतलं १/४८ दाखवलं. एकानं तो तुकडा उलटासुलटा करून टेबलावर टाकला. ही दिवाणी बाब आहे म्हणाले. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे, असं मी म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" चार वेळा गेलो. एकदा 'सायबर सेलकडे जा', तिथून 'हद्द ठाण्याची आहे, तिकडे जा', परत आलो तर ज्यांच्याकडे कागद दिले ते बंदोबस्तावर. चौथ्या वेळी कागदच सापडेनात, मी पुन्हा झेरॉक्स काढून दिल्या. अर्धा दिवस रजा टाकून गेलेल्या माणसाला बसायला खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही.

बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. कुरिअरवाला म्हणतो, पार्सल सीलबंद पोचलं. जिथे जाहिरात होती तिथे तक्रार केली, तर दोन मिनिटांत ठरावीक उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. दोन मिनिटांत त्यांनी काय पाहिलं? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बाई नीट बोलल्या, एवढं खरं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे त्यांनीच सांगितलं. पण अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो. कुरिअरवरच्या पत्त्यावर मी मुंबईतल्या भाच्याला पाठवलं, तिथे बंद पडलेलं लाँड्रीचं दुकान आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव बँकेला माहीत आहे, पोलिसांनी मागितलं तर कळेल, पण ते मागत नाहीत. आणि नाव नाही म्हणून आयोगात जाता येत नाही. अकरा हजार ही यांच्या लेखी रक्कमच नाही. माझ्या लेखी ती पगाराचा चौथा हिस्सा आहे.

काय करायचं ते मध्ये मध्ये सांगितलंच आहे. राहिलेलं असं: खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा. माझ्याकडे तो असता तर 'तुम्हीच आतलं बदललं असेल' हे ऐकून घ्यावं लागलं नसतं. सगळे पैसे आधी देऊ नका. समोर जाऊन घेता येत असेल तर जा, बस-रेल्वेचं भाडं परवडतं. आणि विक्रेता चॅट पुसतो, म्हणून रोजच्या रोज स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडचे निम्मे संदेश आता नाहीत.

काल तेच चित्र पुन्हा दिसलं. वेगळं नाव, किंमत ₹९,४००, या वेळी 'मिग-२१ बिस, शेवटचे तीन नग'. चित्रात पोटाखाली तोच पॉड, जो बिसला लागतच नाही, कारण बिसला अंगची तोफ आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात नदीच्या पाण्यावर बोटाएवढा धूसर पट्टा आहे, चित्रकाराची सही पुसल्याची खूण. तो पट्टा दिसला तर पैसे पाठवू नका आणि लगेच १९३० ला कळवा. जितक्या तक्रारी एकाच चित्राच्या, एकाच खात्याच्या जातील, तितकं पोलिसांना 'दिवाणी बाब' म्हणणं कठीण जाईल.