सिस्कोचं पॅकेट ट्रेसर: पदवी नसली तरी नेटवर्किंग शिकवणारं

निपाणी-खानापूरकडच्या ज्या मुलांची पदवी राहून गेली, पण नेटवर्किंगमध्ये शिरायचंय, त्यांनी महागड्या क्लासआधी पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावरच आभासी नेटवर्क जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर, घ्यावं. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की ते फुकट मिळतं. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेलाही पदवीची अट नाही.

सुरुवात दोन पीसी, एक स्विच (एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडणारा), एक राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारा) एवढ्यावरच करा. पिंग, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे बघायचा संदेश, गेला नाही तर आधी राउटरचा पोर्ट बघा. तो मुळात बंद असतो, 'नो शटडाउन' ही कमांड द्यावी लागते. स्विचचा दिवा सुमारे 30 सेकंद नारिंगी राहतो, तो बिघाड नव्हे. तेवढ्यात स्विचमधला स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल जोडणीत कुठे लूप, म्हणजे संदेश गोल फिरत राहील असा वेढा, आहे का ते तपासत असतो. पीसीवर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, भरायचा राहिला तर शेजारचा पीसी सापडतो, पलीकडचं नेटवर्क नाही. सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित, मात्र वहीवरच पक्कं करा: /26 म्हणजे 62 यंत्रांचे पत्ते, हे तोंडपाठ हवं.

उणीव मोठी आहे. खऱ्या आयओएसच्या (सिस्कोच्या राउटर-स्विचमधली प्रणाली, आयफोनची नव्हे) साऱ्या कमांड यात नाहीत, आणि केबल क्रिंप करणं, म्हणजे तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, हे शिकवत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम मागायचं असेल तर आरजे-45 हा नेटवर्क केबलचा कनेक्टर, क्रिंपर आणि टेस्टर घेऊन हात बसवाच.