ब्रिटनमधील युरो खाते : पावणेदोन वर्षांच्या वापरानंतर

इटली आणि स्पेनमधून टाइल्स मागवून ब्रिटनमध्ये विकण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. जानेवारी २००२ मध्ये युरोच्या नोटा आणि नाणी बारा देशांत चलनात आली, त्याच महिन्यात आम्ही येथील एका बँकेत युरो खाते उघडले. जून २००३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी, युरो स्वीकारावा की नाही हे ठरवण्यासाठीच्या पाच आर्थिक कसोट्यांचा निकाल संसदेत मांडल्यानंतर ब्रिटन इतक्यात युरो स्वीकारील असे वाटेनासे झाले. म्हणून युरोबाहेर राहणाऱ्याच्या दृष्टीने या खात्याचा विचार करणे उचित ठरेल.

पूर्वी इटलीचे मोठे बिल कोटींच्या घरातील लिरांत येई आणि त्यातील शून्ये मोजण्यातच अर्धी सकाळ जाई, तर स्पेनच्या पेसेटाचा दर निराळा पाहावा लागे. आता दोन्ही देणी एकाच खात्यातून भागतात आणि दोन पुरवठादारांचे भाव शेजारी ठेवून ताडता येतात. युरो वापरणाऱ्या आयर्लंडमधील, डब्लिनच्या गिऱ्हाइकाकडून आलेले युरो पौंडांत न बदलता तसेच इटलीला पाठवता येतात, त्यामुळे खरेदी आणि विक्रीच्या दरांतील जी तफावत पूर्वी दोनदा सोसावी लागे, ती तेवढ्या रकमेपुरती पूर्ण वाचते.

मात्र ज्याला युरोत केवळ देणेच आहे, त्याची दराची जोखीम हे खाते टाळत नाही. पौंड कोणत्या दिवशी बदलायचे एवढेच ते त्याच्या हाती ठेवते. १९९९ च्या आरंभी, नोटा येण्याआधी केवळ हिशेबी चलन असताना, सुमारे ७१ पेन्सचा असलेला युरो २००० मध्ये ५८ पेन्सच्याही खाली गेला आणि मे २००३ मध्ये पुन्हा ७२ वर पोहोचला. युरो स्वीकारलेल्या देशांतील व्यापाऱ्यांना आपसांत ही चिंता उरलेली नाही, आम्हाला मात्र दरपत्रक छापतानाही ती सोडत नाही.

शुल्काबाबत माझी निराशा झाली. १ जुलै २००३ पासून १२,५०० युरोपर्यंतच्या सीमापार भरण्यास देशांतर्गत भरण्याइतकेच शुल्क घ्यावे, असा युरोपीय संघाचा नियम होता आणि तो तेव्हा ब्रिटनलाही लागू होता. परंतु तुलना करायची होती ती देशांतर्गत युरो भरण्याशी, पौंडाच्या भरण्याशी नव्हे. आणि येथे तेव्हा युरोचा भरणा मुळातच महाग असल्याने आमच्या बँकेने नियम पाळूनही आमचे फारसे काही वाचले नाही. युरोचा धनादेश वटण्यास लागणारा वेळ तर पुरवठादाराला समजावून सांगता येत नाही. शिवाय व्हॅटचे विवरणपत्र पौंडांतच भरायचे असल्याने प्रत्येक बिलाचे रूपांतर हिशेबनीसाला करावेच लागते.

पाचपैकी साडेतीन गुण मी देतो, आणि त्यातला दीड गुण डब्लिनच्या गिऱ्हाइकाचा आहे.