डिल्बर्टची विषयवार पुस्तकं: घ्यायची की नाही?

पुण्यात किलोवर पुस्तकं विकायचं प्रदर्शन लागलं की मी जाते आणि दर वेळी "एकच घेणार" असं घरी सांगून जाते. या वेळी डिल्बर्टची तीन हाताला लागली. तिन्ही विषयवार, म्हणजे स्ट्रिप्स तारखेप्रमाणे न लावता एकेका विषयाखाली नाहीतर एकेका पात्राखाली गोळा केलेल्या. वजनकाट्यावर ठेवली तर भाजीपेक्षा थोडी महाग पडली, घेतली. मग ऑफिसात टीममधला एक पोरगा विचारायला लागला की मॅम आपल्या मॅनेजरच्या फेअरवेलला यातलंच एखादं ऑनलाइन मागवून देऊ का, चांगली असतात का ही. त्याला जेवणाच्या सुट्टीत जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय कारण उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिल्बर्ट म्हणजे स्कॉट अ‍ॅडम्स या अमेरिकन माणसाने काढलेली ऑफिसवरची कॉमिक स्ट्रिप, १६ एप्रिल १९८९ ला पेपरात सुरू झाली. रोज तीन चौकटी, रविवारी जास्त आणि रंगीत. चष्मेवाला इंजिनिअर डिल्बर्ट, वर वळलेला टाय, घरी अतिशहाणा कुत्रा डॉगबर्ट, ऑफिसात दोन्ही बाजूंना शिंगांसारखे केस असलेला बॉस, हातातला कॉफीचा मग न सोडणारा वॉली, डोक्यात जाणाऱ्यांना ठोसा लगावणारी अ‍ॅलिस, एचआरचा डायरेक्टर म्हणून चक्क एक दुष्ट मांजर. अ‍ॅडम्स तेव्हा स्वतः कॅलिफोर्नियात पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता, १९९५ पर्यंत नोकरी आणि स्ट्रिप दोन्ही चालू होतं. आणि १९९३ मध्ये त्याने एक गोष्ट केली जी तेव्हा कोणी करत नव्हतं, स्ट्रिपमध्येच स्वतःचा ईमेल छापला. झालं, लोकांनी आपापल्या ऑफिसची गाऱ्हाणी पाठवायला सुरुवात केली आणि ऑफिसवाल्या स्ट्रिप्स आम्हाला जास्त आवडतात असंही कळवलं. त्याआधी स्ट्रिपमध्ये घर, कुत्रा, डायनासोर वगैरे बरंच होतं, ते हळूहळू मागे पडलं आणि सगळा मुक्काम क्युबिकलमध्ये हलला.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे विषयवार पुस्तकांचा गुण आणि दोष दोन्ही इथूनच येतात. गाऱ्हाणी सगळ्या ऑफिसांची सारखीच असतात ना. कॅलिफोर्निया काय आणि हिंजवडी फेज टू काय, बॉसला कळत नाही, मीटिंग संपत नाही, अप्रेझलमध्ये काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणजे मोजून पंधरा-वीस विषय आणि त्यावर वर्षानुवर्षं रोज एक स्ट्रिप. रोज एक वाचली तर हे लक्षात येत नाही. एका विषयाच्या सगळ्या एका जागी आणून ठेवल्या की लगेच येतं.

पहिलं वाचायला घेतलं ते ‘डिल्बर्ट गिव्ह्ज यू द बिझनेस’, १९९९ चं. वाचकांनी सगळ्यात जास्त मागितलेल्या स्ट्रिप्स विषयानुसार लावलेल्या आहेत, कल्पना चांगली आहे. मी शनिवारी दुपारी आडवी होऊन सुरुवातीपासून वाचायला घेतलं, पहिली आठ-दहा पानं मोठ्याने हसले, नवरा विचारत होता काय झालं. विसाव्या पानाला हसू फक्त नाकातून येत होतं. तिसाव्या पानाला मी स्ट्रिपची शेवटची चौकट न वाचता ओळखायला लागले आणि ओळखता आली की संपलं, विनोदाचं कोडं होतं. आपल्याकडे दिवाळी अंकात दोन कथांच्या मधे एखादं हास्यचित्र असतं बघा, जड कथा संपली की ते येतं म्हणून त्याची मजा. तीच चाळीस चित्रं काढून एका मागोमाग एक दाखवली, तीही सगळी नवरा-बायकोच्या भांडणावरची, तर फराळाच्या ताटात नुसते अनारसेच वाढल्यासारखं होईल. चांगले असले तरी.

दुसरा प्रॉब्लेम वाचताना आधी कळत नाही. स्ट्रिप्समध्ये कधीकधी आठवडाभर चालणारी गोष्ट असते, सोमवारी एक कन्सल्टंट येतो, बुधवारपर्यंत तो सगळं विस्कटून ठेवतो, शनिवारी जातो. विषयवार लावताना यातला एखादा दिवसच उचलला असेल तर आगापिछा कळत नाही, हा माणूस कोण, चिडलाय का, काही पत्ता नाही. तारखेप्रमाणे लावलेल्या साध्या पुस्तकात हे होत नाही.

मग हे पुस्तक वाईट का, तर नाही. ते वाचायचं पुस्तक नाहीये, शोधायचं आहे. माझं हे मत पाच-सात वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा डिल्बर्टच्या वेबसाइटवर सुरुवातीपासूनच्या सगळ्या स्ट्रिप्स फुकट होत्या आणि शब्द टाकून शोधता यायच्या. बजेट टाका, बजेटवरच्या स्ट्रिप्स. आम्ही टेस्टिंगवाले रिलीजच्या आदल्या रात्री एकमेकांना त्याच पाठवायचो. ते असताना पैसे देऊन विषयवार पुस्तक घेणं म्हणजे घरात नळ असताना पाण्याची बाटली विकत आणणं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅडम्स त्याच्या यूट्यूबच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांबद्दल जे बोलला त्यावरून अमेरिकेतल्या शेकडो पेपरांनी स्ट्रिप बंद केली, वितरण करणाऱ्या अँड्र्यूज मॅकमील कंपनीने संबंध तोडले, आणि ते फुकटचं भांडारही गेलं. त्याने पुढे स्ट्रिप पैसे भरणाऱ्यांसाठी चालू ठेवली. तो काय बोलला ते मला अजिबात पटलेलं नाही आणि म्हणूनच मी सेकंडहँडच घेते, ज्याला त्याच्या नावाचंच काही घरात नको असेल त्याचंही मला पटतं. पण मुद्दा हा की नळ बंद झालाय, त्यामुळे बाटलीला पुन्हा किंमत आलीय. आज मला मीटिंगवरची एखादी स्ट्रिप हवी असेल तर हे पुस्तक उघडणं सगळ्यात सोपं आहे.

आता दुसरं, आणि यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहितेय. ‘सेव्हन इयर्स ऑफ हायली डिफेक्टिव्ह पीपल’, १९९७. हेही विषयवारच, पण विषय म्हणजे पात्रं. डिल्बर्टच्या स्ट्रिप्स एकीकडे, डॉगबर्टच्या एकीकडे, बॉसच्या एकीकडे, आणि स्ट्रिप्सच्या बाजूला अ‍ॅडम्सच्या स्वतःच्या टिपा, हे असं का काढलं, हे कुठून सुचलं. इथे एकाच माणसाच्या स्ट्रिप्स सलग वाचणं कंटाळवाणं होत नाही, उलट तीच मजा आहे, कारण माणूस डोळ्यासमोर बदलत जातो. बॉसचंच घ्या. सुरुवातीला तो नुसता एक जाडजूड खडूस साहेब आहे, ते प्रसिद्ध केस नाहीतच. मग केस हळूहळू टोकदार होत जातात आणि जसजशी शिंगं वर येतात तसतसा तो खडूसचा बावळट होत जातो. पेपरात रोज बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसेल. आपल्या घरातलं पोर वाढताना आपल्याला दिसत नाही, गावाहून आलेल्या आत्याला दिसतं, तसं आहे.

किंवा वॉली. बिनकामाचा, कॉफी पीत फिरणारा वॉली हा मला कायम ओढूनताणून केलेला वाटायचा. पण तो पॅसिफिक बेलमधल्या एका खऱ्या सहकाऱ्यावरून आलाय. कंपनीने सगळ्यात कमी कामाच्या लोकांना चांगले पैसे देऊन घरी पाठवायची योजना काढली, तर हा हुशार माणूस मुद्दाम वाईट काम करायला लागला, त्या यादीत यावं म्हणून, आणि ते अगदी मन लावून. हे कळल्यावर वॉलीच्या सगळ्या जुन्या स्ट्रिप्स परत वाचाव्याशा वाटतात. आळशी नाही हो तो, टार्गेट घेऊन बसलाय. आणि एचआरवाल्या मांजराला कॅटबर्ट हे नाव वाचकांनीच पत्रांमधून ठेवलं, एकदाच आलेलं मांजर होतं ते, लोक कॅटबर्ट कुठाय विचारायला लागले म्हणून त्याला नोकरी लागली. एचआरमध्येच लागली हे बघून मी दोन मिनिटं पुस्तक मिटून हसत होते, आमच्या एचआरला हे वाचायला देऊ नका कोणी.

या पुस्तकात आपला माणूस मात्र शोधू नका. असोक हा भारतीय इंटर्न १९९६ मध्ये आला, सात वर्षांच्या हिशोबात त्याला जागा नाही. (नाव अशोकच, स्पेलिंगमध्ये एच नाही म्हणून आपण मराठी लोक ते असोक वाचतो आणि दर वेळी जिभेला अडखळतं.) आयआयटीत शिकलेला, प्रचंड हुशार, आणि कपातला चहा कपाळाला लावून नुसत्या विचाराने गरम करू शकणारा. हिंजवडीच्या टपरीवर सकाळी साडेनऊला कटिंग थंड होताना ज्याने बघितलाय त्याला या कलेची किंमत कळेल. नव्वदच्या दशकात अमेरिकन पेपरातल्या स्ट्रिपमध्ये भारतीय इंजिनिअर हा चेष्टेचा विषय न होता खोलीतला सगळ्यात हुशार माणूस म्हणून यावा याचं मला कॉलेजात असताना फार अप्रूप होतं. आता वाचताना हेही दिसतं की सगळी घाण कामं त्यालाच देतात आणि तो आनंदाने घेतो, म्हणजे ऑनसाइटला गेलेल्या कोणालाही विचारा.

तिसरं, ‘व्हॉट डू यू कॉल अ सोशिओपॅथ इन अ क्युबिकल?’, २००२ चं, त्रासदायक सहकाऱ्यांवरचं. हे नका घेऊ. नावातच अर्धा विनोद संपतो आणि आत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळे सहकारी एकजात नग, एक साधा माणूस मधे नाही. ऑफिसात एक नग असतो आणि बाकीचे दहा बरे असतात म्हणून तो नग ठळक दिसतो. इथे दहा दुसरे नगच आहेत, मग हसायचं कोणाला. मला तरी कँटीनमधली अशी मैत्रीण आठवली जी फक्त गॉसिप करते, पहिल्या दिवशी मजा येते आणि आठवड्याभरात आपण वेगळ्या टेबलवर बसतो.

एक गोष्ट तिन्हींना लागू, ही आधी बघा नाहीतर फसाल. विषयवार पुस्तकांतल्या स्ट्रिप्स नव्या नसतात, साध्या पुस्तकांत आलेल्याच परत लावलेल्या असतात. तुमच्याकडे १९९५ ते ९९ मधली चार-पाच साधी पुस्तकं असतील तर बिझनेसवाल्यातलं बरंचसं आधीच घरात आहे, पैसे फक्त क्रम बदलायचे पडतायत. त्यातल्या त्यात सात वर्षंवाल्यात टिपा नवीन आहेत म्हणून ते तरीही घ्यावं. सगळंच हवं असणाऱ्यांसाठी २००८ मध्ये ‘डिल्बर्ट २.०’ नावाचा भला मोठा ग्रंथ निघाला होता, वीस वर्षांचा, सोबत तोपर्यंतच्या सगळ्या स्ट्रिप्सची डिस्क. आता डिस्क घालायला लॅपटॉपला जागा कुठाय, आणि ते पुस्तक पोटावर ठेवून वाचायचं म्हणजे व्यायाम. मी एकाकडे चाळलंय, घेतलं नाही.

जुनेपणाचंही सांगते. फॅक्स, पेजर, व्हॉइसमेल यांच्यावरच्या स्ट्रिप्स आता गेल्या, टीममधल्या पोराला पेजर म्हणजे काय हे मलाच सांगावं लागलं. क्युबिकलचंही तसंच, आमच्याकडे तर आता स्वतःचं टेबलही नसतं, सकाळी अ‍ॅपवर बुक करायचं, मग क्युबिकलची भिंत बघून कीव यायच्या ऐवजी हेवा वाटतो, निदान भिंत तरी होती. एल्बोनिया नावाच्या चिखलातल्या देशावरचे विनोद मला तेव्हाही झेपले नव्हते आणि आता तर नकोसेच वाटतात, गरीब देशातल्या स्वस्त कामगारांवर हसताना आपण कुठल्या बाजूला बसलोय ते आठवतं. पण मीटिंग, डेडलाइन, कन्सल्टंट आणि अप्रेझल यांच्यावर मात्र एक दिवसाचीही धूळ नाही.

तर त्या पोराला मी सांगितलं की मॅनेजरला सात वर्षंवालं दे, बिझनेसवालं आपण वर्गणी काढून पॅन्ट्रीत ठेवू, कॉफी मशीनशेजारी, कारण एका वेळी एकच स्ट्रिप वाचून होईल एवढाच वेळ तिथे लागतो, मशीन गाळतंय तेवढा. सोफ्यावर बसून सलग वाचायला हवं असेल तर नव्वदच्या मधल्या वर्षांतलं कुठलंही साधं, तारखेप्रमाणे लावलेलं घे, ते जास्त हसवतं. मॅनेजरला बॉसच्या स्ट्रिप्सचं पुस्तक दिलेलं चालेल का असं त्याने विचारलं. म्हटलं चालेल, सगळे मॅनेजर स्वतःला डिल्बर्टच समजतात.

सेकंडहँड घेताना अजून एक, पानं उलटून बघा. ही पुस्तकं चौकोनी, डिंकाने चिकटवलेली, सपाट उघडली की मधनं सुटतात, ते एक झालं. पण विषयवार पुस्तकांचा वेगळाच धोका आहे, लोक त्यातली हवी ती स्ट्रिप कापून सॉफ्टबोर्डवर लावतात. माझ्या बिझनेसवाल्या कॉपीत अप्रेझलवरच्या स्ट्रिप्सपाशी आलं की एक पान नाहीये, फाटलेलं नाही, कात्रीने पट्टी लावल्यासारखं सरळ कापून नेलंय, कोणीतरी मार्चमध्येच नेलं असणार. प्रदर्शनवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, ताई, वजनात ते धरलेलंच नाही.