वजनाचं जाकीट: शिवण पक्की, पट्टा कच्चा

माझी कुत्री मॅलिनॉय (बेल्जियन मेंढपाळ कुत्र्याची जात), सव्वादोन वर्षांची, वजन २८ किलो. शोधकामाच्या सरावासाठी हे जाकीट घेतलं त्याला तीन महिने झाले. दोन्ही बाजूंना चार-चार कप्पे, प्रत्येकात पाव किलो वाळूची पुरचुंडी. आठही भरले की दोन किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या सात टक्के. त्यापुढे जायची मला हौस नाही.

पहिला आठवडा रिकामंच घातलं. मग दोन पुरचुंड्या, नंतर चार. चढावर चालताना मागचे पाय जमिनीत रुतवून ढकलते, ते बघायला मजा येते. पण उडी मारायची वेळ आली की जाकीट आधी उतरवते. कुत्र्याचं साठेक टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं, त्यात खाली उतरताना आणखी भार कशाला?

खरी तक्रार छातीखालच्या पट्ट्याची. बकल हळूहळू सरकतं, जाकीट डावीकडे कलतं. दुसऱ्या महिन्यात डाव्या काखेत नखाएवढं टक्कल दिसलं, कातडी लालबुंद. दहा दिवस सगळं बंद. आता पट्ट्याला आतून जुन्या फ्लॅनेलचा तुकडा शिवलाय आणि दर पाच मिनिटांनी बोटं घालून बघते.

कापड जाड आहे, उन्हात अंग तापतं. मुख्यतः धापा टाकून गार होणारा प्राणी हा, म्हणून फक्त सकाळी, वीस मिनिटं. वाढत्या वयाच्या पिल्लाला मात्र हे घालूच नका, हाडं पक्की होऊ द्या.

पाचपैकी तीन तारे. दोन त्या बकलनं खाल्ले.