पेव्हमेंट कुठल्या अल्बमपासून ऐकायला घ्यावं?

'हार्नेस युअर होप्स' हे गाणं कुठल्या तरी रीलवर किंवा स्पॉटिफायवर आपोआप लागलं, आवडलं, आणि आता पुढे काय ऐकू? नव्वदच्या दशकातल्या पेव्हमेंट या अमेरिकन रॉक बँडचे आजचे कितीतरी नवे श्रोते याच वाटेने आलेत. पंचाईत अशी की हे गाणं त्यांच्या पाचपैकी एकाही अल्बमवर मुळात नव्हतंच. १९९९ साली एका ईपीत (म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डमध्ये) भर म्हणून टाकलेलं ते गाणं. २०१० मध्ये निवडक २३ गाण्यांचा संग्रह निघाला, त्यातही त्याला जागा मिळाली नाही. म्हणजे 'बेस्ट ऑफ' घेऊन मोकळं होण्याची सोयही नाही.

समीक्षकांच्या याद्या बघाल तर त्या पहिल्या दोन अल्बमांपाशीच घुटमळतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण त्या नव्या माणसासाठी केलेल्या नसतात.

'स्लँटेड अँड एन्चँटेड' (१९९२) घ्या. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन हे बँडचा गायक-गिटारवादक स्टीफन माल्कमस आणि गिटारवादक स्कॉट कॅनबर्ग यांचं गाव. तिथेच, ड्रमर गॅरी यंगच्या घरच्या स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. बास वाजवायला वेगळा माणूसच नव्हता. अल्बम बाजारात येण्याआधी बरेच महिने त्याच्या कॅसेटी हातोहात फिरत होत्या आणि त्यातूनच नाव झालं. पहिल्याच 'समर बेब'मध्ये गिटार अशी खरखरते की आपला स्पीकर फाटला की काय असं वाटावं. त्या खरखरीखाली चाल मात्र अस्सल गोड आहे. ती ऐकू यायला कान थोडा तयार लागतो. सोनिक यूथ किंवा द फॉल असे खरखरीत वाजवणारे बँड आधीपासून आवडत असतील तर बेलाशक इथून सुरुवात करा. नाहीतर 'हिअर' हे संथ गाणं तेवढं ऐका आणि बाकीचं नंतरसाठी ठेवा.

'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन' (१९९४) सगळ्यात सोपा. कार्यक्रमाच्या दारात लोकांना कोबी वाटणारा, स्टेजवर खाली डोकं वर पाय करणारा गॅरी यंग तोवर गेला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह वेस्ट आला होता. ठेका लगेच भरवशाचा झाला. 'कट युअर हेअर' एमटीव्हीवर लागलं आणि बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत १० व्या क्रमांकापर्यंत चढलं; तेही बँडच्या धंद्यातल्या दिखाऊपणाचीच टर उडवणारं गाणं. 'रेंज लाइफ'मध्ये स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडची खोडी काढली, त्याचा त्यांच्या गायकाला, बिली कॉर्गनला, भलताच राग आला. 'गोल्ड साउंड्झ' तर पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने २०१० मध्ये नव्वदच्या दशकातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरवलं. गाडीत, चार मित्रांत लावायचा असेल तर हाच अल्बम. आता आणखी एक हिट येणार म्हणून लोक वाट बघत असताना यांनी पुढच्याच वर्षी १८ गाण्यांचा 'वाउई झाउई' काढला: अर्धवट, लहरी, कुठूनही कुठेही जाणारा. माझा लाडका आहे, पण सुरुवातीला नको.

तरीही 'हार्नेस युअर होप्स'वरून आलेल्या माणसाच्या हातात मी 'ब्राइटन द कॉर्नर्स' (१९९७) ठेवीन. कारण साधं आहे: ते गाणं याच अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी झालं आणि मग बाहेर राहिलं. वाजवणारे हात तेच, आळसावलेला ठेका तोच, शब्दांशी खेळत बोलल्यासारखं गाण्याची माल्कमसची तऱ्हाही तीच. आरईएम या बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांचा निर्माता मिच ईस्टर इथे सोबतीला होता, त्यामुळे गिटारी स्वच्छ ऐकू येतात. 'स्टिरिओ'मध्ये माल्कमस मध्येच विचारतो की रश बँडचा गायक गेडी ली याचा आवाज एवढा चढा कसा, एरवी हा बाबा साध्या माणसासारखा बोलतो का. लगेच मागून दुसरा आवाज सांगतो, हो, मी ओळखतो त्याला, तसाच बोलतो. हा विनोद आवडला तर हा बँड तुमचा. 'शेडी लेन' आणि 'टाइप स्लोली' त्याच ओघात येतात. मधला भाग जरा रेंगाळतो, हे मान्य. 'क्रुकेड रेन'एवढा तो घट्ट नाही.

शेवटचा 'टेरर ट्वायलाइट' (१९९९) निर्माता नायजेल गॉडरिचने केला. आवाज झकास, पण बँड आतून विस्कटलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत माल्कमसने माइकच्या स्टँडला बेड्या लटकवून बँडमध्ये असणं कसं वाटतं ते दाखवलं आणि दुकान बंद झालं. २०१० आणि २०२२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, ते जुनीच गाणी घेऊन.

विकत घेणार असाल तर 'ब्राइटन'ची २००८ सालची वाढीव आवृत्ती बघा. त्यात 'हार्नेस युअर होप्स' आहे.