सहा लिटरच्या पैशात चार पॉइंट आठ

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवून देणाऱ्या एका गॅरेजच्या बिलावर लिहिलं होतं ते असं: 6.0 लिटरचं एलक्यू9 इंजिन, फोर्ज्ड पिस्टन, 80 मि.मी.चा टर्बो, 4एल80ई गिअरबॉक्स, 750 हॉर्सपॉवर. गाडी कॅलिफोर्नियातली, 1970 ची शेव्हरोले शेवेल एसएस 396. गाडी ताब्यात आल्यावर थोड्याच दिवसांत सातव्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. दुसऱ्या गॅरेजने हेड उतरवलं आणि बिलातल्या एकेका ओळीचा निकाल लागत गेला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजला तर 96 मि.मी., स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 83. म्हणजे सहा लिटरच्या भावात 4.8 लिटरचं एलआर4 इंजिन गळ्यात मारलं होतं. जंकयार्डात यापेक्षा स्वस्त एलएस (जनरल मोटर्सच्या या इंजिन-कुटुंबाचं नाव) व्ही8 सहसा मिळत नाही.

हे खपलं कसं, तर जनरल मोटर्सच्या पिकअपमधली 4.8, 5.3 आणि 6.0 ही तिन्ही इंजिनं बाहेरून एकसारखी दिसतात. माउंट तेच, बेलहाउसिंग तेच, हार्नेस तोच. ब्लॉकच्या बाजूला लिटरचा आकडा ओतलेला असतो, पण या गाडीत त्यावर काळ्या रंगाचे जाड थर होते आणि पुढे एक्झॉस्टचा पाइप आडवा आलेला. शिवाय 4.8 आणि 5.3 ला ब्लॉक एकच, त्यामुळे त्याच्यावर दोन्ही आकडे असतात. हेडवरच्या नंबरावर विसंबू नका. 317 नंबरची हेडं सहा लिटरवर येतात हे खरं, पण ती लहान ब्लॉकवरही बसतात. त्यांचा ज्वलनाचा चेंबर 71 सीसीचा, लहान इंजिनांवरच्या 862 आणि 706 नंबरच्या हेडांचा जेमतेम 61 ते 62, म्हणून कॉम्प्रेशन उतरवायला टर्बोवाले ती मुद्दाम लावतात. या गाडीतही 317 च होती आणि तोच आकडा पुरावा म्हणून मालकाला दाखवला गेला.

प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घातला तरी निम्माच उलगडा होतो. 6.0 चंच दुसरं रूप एलक्यू4 आणि 5.3 चं एलएम7 यांचे पिस्टन वरून खोलगट असतात, 4.8 आणि एलक्यू9 चे सपाट. नेमकी इथेच मेख आहे: 4.8 ला एलक्यू9 म्हणून विकलं, तर बोअरस्कोपमध्येही ते खरंच वाटतं. फोर्ज्ड पिस्टनच्या माथ्यावर मात्र बहुतेक वेळा व्हॉल्व्हसाठी खाचा काढलेल्या असतात, या ट्रकांच्या मूळ पिस्टनवर त्या नसतात. नुसता सपाट माथा दिसला तर ‘फोर्ज्ड’ या शब्दावर तिथेच बोट ठेवा. बाकी खात्री एकाच गोष्टीने होते: हेड बसवण्याआधी बोअरवर मोजपट्टी किंवा व्हर्निअर धरून काढलेला फोटो, ज्यात ब्लॉकचा कास्टिंग नंबरही दिसतो. 96 की 101.6, इतकाच प्रश्न असतो. स्ट्रोक डेप्थ गेजने मोजायचा, पिस्टन सर्वांत वर असताना आणि सर्वांत खाली असताना. 83 आला तर 4.8, 92 आला तर 5.3 किंवा 6.0.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. 4.8 हे वाईट इंजिन नाही. नीट बांधलं तर टर्बोवर ते भरपूर ताकद देतं आणि आखूड स्ट्रोकमुळे वरच्या आरपीएमलाही खुशीत चालतं. पण मोठा टर्बो फिरवायला खालच्या आरपीएमला जेवढा धूर लागतो, तेवढा ते सोडत नाही. सहा लिटरसाठी निवडलेला कॅमशाफ्ट, टर्बो आणि टॉर्क कन्व्हर्टर त्याच्यावर लादले की गाडी सिग्नलला झोपलेली वाटते. वर 71 सीसीची हेडं, म्हणजे आळसात भरच.

सातवा सिलिंडर गेला तो रिंग गॅपमुळे, म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीमुळे. बिलात ‘इंजिन ब्लूप्रिंट केलं’ (सगळी मापं तपासून बांधलं) अशी ओळ होती आणि तिचे वेगळे पैसे लावले होते. खरं तर जंकयार्डातून आणलेलं इंजिन न उघडता धुऊन, रंगवून बसवलं होतं. कंपनीतून येणारा रिंग गॅप टर्बोविना चालणाऱ्या इंजिनासाठी असतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेवर, वरची रिंग तापून फुगते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात, जागा संपते, मग रिंग सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनची रिंग लँड (रिंग धरणारी कड) तुटून बाहेर येते. मध्यम बूस्टसाठी वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचामागे साधारण 0.0065 इंच गॅप धरतात. 3.78 इंचाच्या बोअरला तो 0.0245 इंच होतो, म्हणजे 0.62 मि.मी. रिंग घासून गॅप वाढवायला खर्च नगण्य आहे, वेळ मात्र लागतो. म्हणूनच हे काम टाळलं जातं. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातलेले आठ फोटो मागा. ‘ब्लूप्रिंट’ म्हणणाऱ्याला ते देता आलेच पाहिजेत. हेडचे मूळ बोल्टही पुन्हा वापरलेले निघाले. ते एकदाच ताणायचे असतात. स्टड लावले असतील तर वर नट आणि त्यातून डोकावणारा आटा दिसतो, बोल्टला नुसतं डोकं असतं.

टर्बोची हातचलाखी आकड्यात होती. टर्बोचा आकार सांगताना या धंद्यात सहसा कॉम्प्रेसर व्हीलचा हवा ओढणाऱ्या बाजूचा व्यास, म्हणजे इंड्यूसर, धरतात. इथे बिलावर मागच्या बाजूचा मोठा व्यास, म्हणजे एक्सड्यूसर, लिहिला होता. त्यामुळे ‘80 मि.मी.’ हे तांत्रिकदृष्ट्या खोटंही ठरत नव्हतं. एअर फिल्टरचा पाइप काढून व्हीलच्या तोंडावर व्हर्निअर लावला की एका मिनिटात समजतं. तेलाची परतीची लाइनही -10 मापाऐवजी बारीक घातलेली आणि तिचं तोंड सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या पात्रातल्या) तेलाच्या पातळीखाली. अशा टर्बोचं सील तेल सोडतं आणि दोष टर्बोवर ढकलला जातो.

गिअरबॉक्सचं प्रकरण दोन ओळींत संपतं. 4एल80ई च्या खालच्या तेलाच्या पॅनला 17 बोल्ट, कमी ताकदीच्या 4एल60ई च्या पॅनला 16. गाडी जॅकवर घ्या आणि मोजा. इथे 16 होते.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पाहून अनेक जण गप्प बसतात. बसू नये, कारण इंधनाचा हिशेब खोटं बोलू देत नाही. टर्बोवर पेट्रोलचं इंजिन दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण 0.65 पौंड इंधन पितं. 750 ला ताशी 488 पौंड. आठ इंजेक्टरांत वाटून 80 टक्के ड्यूटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर एकेक इंजेक्टर ताशी 76 पौंडांचा हवा. गाडीत होते 42 पौंडांचे. तो आकडा 3 बार दाबाला दिलेला असतो. एलएसच्या 58 पीएसआय दाबाला तो 48 च्या आसपास जातो. इंजेक्टर शंभर टक्के उघडा ठेवला, जो ठेवूच नये, तरी 600 हॉर्सपॉवरही गाठत नाही. पंपाचंही तेच. 488 पौंड म्हणजे तासाला सुमारे 300 लिटर. ‘255 लिटर’चा एकच पंप, तोही बूस्टमुळे वाढलेल्या दाबावर, हे काम करूच शकत नाही. वॉल्ब्रोच्या त्या पंपाच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत.

दुसरा पुरावा इंजिनाच्या संगणकाच्या लॉगमध्ये असतो. मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) 1 बारचा, साधारण 105 किलोपास्कलला अडकतो. 10 पीएसआय बूस्टला 170 च्या आसपास वाचन यायला हवं, त्यासाठी किमान 2 बारचा सेन्सर आणि त्याला ओळखणारं ट्यून (संगणकाची सेटिंग) लागतं. लॉग 105 वर सपाट असेल तर संगणकाला बूस्ट दिसतच नव्हता. डायनोच्या कागदावर एसएई की एसटीडी (हवेनुसार आकडा दुरुस्त करायच्या दोन पद्धती) हेही वाचा, एसटीडीत आकडा सुमारे 4 टक्के फुगतो. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावचा कागद असेल तर जास्त सावध. तिथे विरळ हवेसाठी सुमारे 20 टक्के वाढ धरतात, पण टर्बो ती कमतरता स्वतःच बरीचशी भरून काढतो, त्यामुळे दुरुस्त केलेला आकडा हवेत राहतो.

सर्वांत मोठं नुकसान मात्र नव्या इंजिनात नव्हतं, जुन्यात होतं. गाडीचं मूळ मोठं व्ही8, म्हणजे बिग ब्लॉक, ‘कोअर म्हणून जमा’ (बदल्यात घेतलेला जुना भाग) या तीन शब्दांत गायब झालं. 1970 मध्ये एसएस हे शेवेलच्या मालिबू मॉडेलवरचं ऑप्शन पॅकेज होतं. व्ही8 मालिबू हार्डटॉपचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) 13637 ने सुरू होतो, एसएस असो वा नसो. 396 घन इंचांच्या त्या इंजिनाची क्षमता 1970 पर्यंत 402 घन इंच झाली होती, तरी बिल्ला जुनाच राहिला. गाडी खरोखर एसएस आहे हे दाखवायला मूळ बिल्ड शीट (कारखान्यातली त्या गाडीची यादी) आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकच्या पॅडवर कोरलेला सफिक्स कोड (इंजिनाचा प्रकार सांगणारा) आणि व्हीआयएनचा तुकडा, मुख्यतः एवढंच हाती असतं. बिल्ड शीट नसेल आणि ब्लॉकही गेला, तर गाडी विकताना ती साधी मालिबूच. इंजिन बाहेर काढायच्या आदल्या दिवशी पॅड पुसून फोटो काढा, कास्टिंग नंबर आणि ओतल्याची तारीखही घ्या, आणि इंजिन स्वतःच्या गॅरेजमध्ये आणून ठेवा.

कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी अंदाजपत्रक देणं आणि वाढीव खर्चाला मंजुरी घेणं दुरुस्ती करणाऱ्यावर बंधनकारक आहे. काढलेले भाग परत हवेत असं काम सोपवतानाच लिहून द्या, नंतर मागितलं तर हक्क पातळ होतो. तक्रार ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे जाते. क्रेडिट कार्डाने भरलेल्या रकमेवर लेखी हरकत ती रक्कम दाखवणाऱ्या पहिल्या स्टेटमेंटपासून 60 दिवसांत पोचायला हवी आणि असलं काम त्याहून लांबतंच, म्हणून मोठी उचल एकदम देऊ नका. स्मॉल क्लेम्स कोर्टात व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत दावा करता येतो, तिथे वकील लागत नाही. हेड उतरवणाऱ्या दुसऱ्या गॅरेजकडून बोअर, स्ट्रोक, रिंग गॅप आणि कास्टिंग नंबर सहीनिशी लिहून घ्या, आणि ते होईपर्यंत तुटलेला पिस्टन कुणालाही फेकू देऊ नका.